वशिंडामागची जागा

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लहान मुलं लाकडी नंदी सजवून तोरणाखाली आणतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी तांड्यातल्या मुलांकडून मातीचे बैल करवून घेतो. तलावातला गाळ आणायचा, त्यात भुसा मळायचा आणि माझ्या ओसरीवर बसायचं.

यंदा पाच बैल झाले आणि एक भलतंच काही. रंजितानं वीतभर लांबीचा गोळा केला होता. एका बाजूला उंचवटा आणि त्याच्यामागे अंगठ्यानं घोटून घोटून केलेली खोलगट जागा. पाय नाहीत, तोंड नाही.

"बैल होय का बटाटा?" बबलूनं विचारलं.

"तुयं तोंड होय," असं म्हणून ती पुन्हा घोटायला लागली.

मुलं घरी गेल्यावर मला राहवलं नाही. उद्या सगळे हिला हसतील, असं वाटलं. माती अजून ओली होती. कपाशीच्या पऱ्हाटीच्या दोन काड्या मोडून मी त्या उंचवट्यावर शिंगं म्हणून खोचली. चाळीस वर्षं मुलांची चित्रं सुधारलेला हात. सवय जात नाही.

सकाळी रंजितानं ते पाहिलं. रडली नाही. "मी नाही येत पोळ्यात," एवढं बोलून निघालीच.

"अगं, शिंगं नसली तर बैल ओळखू कसा येईल?"

ती ओसरीच्या पायरीवर थांबली. "तो बैल नोहेच, गुरुजी. आमच्या आज्यानं सोन्या बैलाले इकलं ना. त्याच्या वशिंडामागं मी गाल ठेवो. थे जागा होय थे."

ती गेल्यावर मी काड्या उपटल्या. दोन भोकं राहिली. ओल्या बोटानं बुजवावीत म्हणून हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. पुन्हा तेच करत होतो.

मग आजूबाजूला कोणी नाही असं पाहून मी त्या खोलगट जागेला गाल लावला. माती गार होती. माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. ओझी वाहून त्यांच्या खांद्याला एक खळगा पडला होता. मला ताप आला की ते मला उचलून राळेगावच्या दवाखान्यात चालत न्यायचे, आणि माझा गाल नेमका त्या खळग्यात बसायचा. त्यांचा चेहरा आता मला नीट आठवत नाही. खळगा मात्र आठवला.

तो मातीचा गोळा दोन्ही हातांत धरून मी तांड्यावर गेलो. रंजिता दाराशी बसली होती.

"माझी चूक झाली, बेटा. न विचारता हात लावला. काड्या काढल्या, पण भोकं तशीच आहेत. त्यांचं काय करायचं ते तू सांग."

तिनं एका भोकात बोट घालून पाहिलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "तिथं त्याले गोचिड्या राहेत. मीच काढो."

मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "गुरुजी, तुमच्या गालाले माती लागली."

मी गाल पुसला नाही. तीही हसली नाही.

दुपारी तोरणाखालून पाच बैल गेले. त्यांच्यामागून रंजिता आली, आपला गोळा गालाशी धरून.

"आण इकडं," बबलू तिला म्हणाला, "मले बी गाल लावू दे."

"पयले तोंड धुऊन ये."

तो खरंच हापशीकडे पळाला.