फाटकाकडे बघायला केलेली खिडकी

मी एक जुनी खिडकी आहे. तसं वय विचाराल तर तीनच पावसाळ्यांचं. पण खाऱ्या वाऱ्याने माझे गज गंजले, रंगाचे पोपडे निघाले, त्यामुळे येणारा-जाणारा मला जुनीच समजतो. मालगुंडला रस्त्यालगत बालवाडीची छोटीशी इमारत आहे. तिच्या समुद्राकडच्या भिंतीत मी असते. मित्रांनो, पावसाळाभर माझ्यावर ताडपत्री बांधलेली असते. अंधारात विचार करायला वेळ पुष्कळ मिळतो. म्हणून तुम्हाला माझी गोष्ट सांगते.

बाकीच्या खिडक्या सुताराच्या हातून जन्माला येतात. मी आधी जन्मले ती संगणकात. ऋजुताताई मालगुंडची. रोज स्कूटरने रत्नागिरीला जायची आणि माळनाक्याजवळच्या ऑफिसात बसून इमारतींचे आराखडे करायची. गावातल्या मंडळाने बालवाडी बांधायचं ठरवलं आणि काम तिच्याकडे आलं. तिची मनस्वी तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. आई दिसेनाशी झाली की लगेच तिचा चेहरा रडवेला व्हायचा. पुढच्या जूनमध्ये याच बालवाडीत तिला एकटं सोडायचं, या विचाराने तिच्या आधी तिची आईच धास्तावली होती.

एका रविवारी ऋजुताताईने मनस्वीला घरात जमिनीवर बसवलं आणि तिच्या हनुवटीपर्यंत टेप धरली. तेवढ्याच उंचीवर मी सुरू झाले. मोठ्यांना वाकावं लागेल, पण मांडी घालून बसलेल्या मुलांना सगळं दिसेल, अशी ठेंगणी.

"मनू, या खिडकीतून काय दिसणार, सांग?"

"काय?"

"फाटक. शाळा सुटायच्या वेळी तू खिडकीत बसायचं. मी फाटकातून आत आले रे आले, की सगळ्यांत आधी तुला दिसणार."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

यासाठी मी होते, मित्रांनो. दुसरं माझं काही काम नव्हतं. दारं दोन्ही लांब बाजूंना होती, त्यांतून फाटक दिसणार नव्हतं. माझ्या समोरची, समुद्राकडची भिंत मुद्दाम सगळी बंद ठेवली होती, कारण आपल्याकडे पावसाची झड तिकडूनच येते. आराखड्यात माझी भिंत रस्त्याकडची. संगणकाच्या पडद्यावर मी कशी ऐटीत बसले होते!

मग आला अनिशदादा. तो चिपळूणचा. इमारतीचे कॉलम-बीम किती जाड, किती खोल, हे तो ठरवतो. त्याने त्याच्या संगणकात बालवाडीचं वेगळं मॉडेल केलं. आता बघा, आमची जागा उत्तर दिशेला धरून नाही, जरा तिरकी आहे. ऋजुताताईने सोयीसाठी इमारत पडद्यावर सरळ करून घेतली होती, आणि अनिशदादाने खऱ्या दिशांप्रमाणे तिरकीच ठेवली होती. त्यामुळे त्याचं मॉडेल तिच्या मॉडेलमध्ये आणल्यावर सगळे कॉलम भिंतींना आडवेतिडवे छेदून गेले. एक तर माझ्या पोटातूनच वर आला!

तिने लगेच फोन लावला. "अनिश, अरे तुझा एक कॉलम थेट माझ्या खिडकीत उभा राहिलाय."

"मग त्याला म्हणावं बस," अनिशदादा हसला. "माझं दिशेप्रमाणे आहे गं, तुझंच वळवलेलं आहे. थांब, एक कोपरा ठरवू आणि किती अंश फिरवायचं ते पाठवतो. तेवढंच फिरव."

"कधी पाठवशील?"

"आत्ता साइटवर आहे. संध्याकाळी नक्की."

पण संध्याकाळपर्यंत थांबायला तिचं चित्त थाऱ्यावर कुठे होतं? सकाळपासून मनस्वीला ताप होता. आजीचा फोन दर थोड्या वेळाने वाजत होता. हातातलं संपवून घर गाठायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिने अनिशदादाचं मॉडेल धरलं आणि अंदाजाने फिरवायला घेतलं. थोडं इकडे, थोडं तिकडे. कॉलम माझ्याभोवती भोवऱ्यासारखे फिरले. आणि एकदम सगळे भिंतींत चपखल बसले.

"बसलं बाई एकदाचं!" ती म्हणाली.

बसलं खरं, पण उलटं बसलं. आमची इमारत दोन्ही टोकांनी सारखीच, त्यामुळे अर्धा फेरा जास्त फिरवली तरी कॉलम बरोब्बर बसतात. फरक पडला फक्त नंबरांत. कॉलमच्या रांगांना नंबर असतात; माझ्याजवळची रांग तिच्या आराखड्यात पहिली होती, तिच्यावर आता त्याची पाचवी येऊन बसली. ऋजुताताईला ते दिसलं. "याने नंबर उलटे घातलेत वाटतं," असं स्वतःशीच म्हणत तिने आपले नंबर बदलून टाकले आणि पर्स उचलली. संध्याकाळी अनिशदादाचा निरोप आला, त्यात किती अंश फिरवायचं ते लिहिलं होतं. तिने डॉक्टरांच्या दारात उभ्या उभ्या उत्तर दिलं, "बसवलं. थँक्स."

मलाही काही कळलं नाही हो. संगणकात ऊन नसतं, वारा नसतो. आमच्या मॉडेलमध्ये फाटकसुद्धा कुणी काढलं नव्हतं. मी कुणीकडे बघतेय ते मला कसं समजणार?

मनस्वीचं दुखणं दोन-तीन महिने रेंगाळलं. तेवढ्या काळात रावजी गवंड्याने काम भराभर वर नेलं. कॉलम अनिशदादाच्या कागदावरून उभे राहिले आणि जांभ्याच्या भिंती ऋजुताताईच्या कागदावरून. कागदात मी पाचव्या रांगेवर, आणि जागेवर पाचवी रांग समुद्राकडे. रावजी फोनवर फोटो पाठवायचा, पण फोटोतल्या भिंतीला दिशा कुठे असते?

दुखणं सरल्यावर ऋजुताताई आली तेव्हा मला गज बसले होते. ती माझ्यासमोर वाकली. माझ्यातून तिला सुरूची झाडं दिसली आणि त्यांच्यापलीकडे पाणी.

"रावजी, ही खिडकी इकडे कशी?"

"नकाशात हाय तशी बसवली, बाय. आमाला वाटला, तुमाला दर्या दिसाया हवा."

तिने मंडळाच्या गोपाळकृष्णकाकांना सगळं खरं सांगितलं. "मॉडेल फिरवताना चूक माझीच झाली, भिंत फोडून खिडकी रस्त्याकडे घेऊ या," म्हणाली. काका आंब्याच्या बागेचे मालक, माणूस मोठ्या मनाचा. पण गिलावा झालेला, उद्घाटन तोंडावर आलेलं.

"अगं, लोक समुद्र दिसावा म्हणून हॉटेलात पैसे मोजतात, आणि तू पोरांना फुकट मिळालेला घालवायला निघालीस? आता नको. दिवाळीनंतर बघू."

बालवाडी सुरू झाली त्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती. खिडकी फिरली हे ऋजुताताईने मनस्वीला सांगितलं नव्हतं. सांगायचं तिच्याने झालंच नाही. बालवाडीच्या मालनताईंनी मुलांना गाणी म्हणून दाखवली, खाऊ दिला. मनस्वी जागची हलली नाही. गजांत गाल दाबून माझ्यापाशी बसून राहिली.

"मनू, ये गं, खाऊ संपेल."

"नको. आता आई दिसणारे."

तिचा श्वास माझ्या गजांना लागत होता. ती समुद्राकडे डोळे लावून होती, आणि तिची आई तिच्या पाठीमागून, बंद भिंतीपलीकडच्या फाटकातून आत आली. दारात उभी राहिली.

"मनू..."

मनस्वी दचकून वळली. आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत आईकडे.

"तू आलीच नाहीस," ती म्हणाली. "मी बघत होते."

पुढच्याच आठवड्यात झड सुरू झाली. पाणी थेट मुलांच्या चटयांवर. माझ्यावर ताडपत्री चढली आणि वर्ग काळोखा झाला. त्याच सुमारास ऋजुताताई खडू घेऊन आली. रस्त्याकडच्या कोऱ्या भिंतीशी मनस्वीला बसवलं, तिच्या हनुवटीपासून वर एक चौकोन काढला, त्यात चार गज काढले. "इथे होणार आहे," ती म्हणाली. मनस्वीने गजांवरून बोट फिरवलं. "मग उघड ना."

दिवाळी आली, गेली. कधी रंगकाम, कधी कुंपण, काही ना काही आधी निघालं. मनस्वी आता पहिलीत जाते. ऋजुताताई मात्र बदलली. दुसऱ्याचं मॉडेल आपल्यात घेण्याआधी ती रस्ता काढते, फाटक काढते, फाटकात एक माणूस उभा करते. अनिशदादा फोनवर चिडवतो, "फाटक काढलंस का? मग फिरव." ती हसत नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही काहीबाही जोडाल, वळवाल. सगळं चपखल बसलं, की मन लगेच म्हणतं, झालं. तेव्हा क्षणभर थांबा, आणि आतून कोण कुणाची वाट बघणार आहे ते विचारा. मला त्या दिवशी कुणीतरी विचारायला हवं होतं.

दर जूनमध्ये मालनताई तो पुसट झालेला चौकोन पुन्हा गिरवतात. शाळा सुटायची वेळ झाली की लहानगी मुलं माझ्याकडे पाठ करून त्याच्यासमोर बसतात, आणि खडूच्या गजांना गाल लावून वाट बघतात. घरी जातात तेव्हा त्यांच्या गालांवर पांढऱ्या रेघा असतात.