आमेनच्या आधी

पाळकसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तशी तिनं मांडीवरची पर्स जवळ ओढली. चष्मा उतरला की प्रार्थना, प्रार्थनेनंतर आमेन आणि आमेन झालं की उठायचं, हे तिला मागच्या भेटींत पाठ झालं होतं. दर वेळी तिचं सांगायचं राहून गेलं होतं. आजही तसंच घरी गेलो तर आपलं काही खरं नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

नवरा मात्र बोलून मोकळा झाला होता. दारं बसवण्याचं काम करायचा तो.

"जगाची दारं बसवतो मी, साहेब, आणि माझ्याच बाथरूमला कडी नाही. हिनं काढून टाकली. पाहुणा आला की बाहेर राखण बसवावी लागते."

पाळकसाहेब हसले. माणूस भला होता. अख्ख्या मंडळीची गाऱ्हाणी ऐकून कान किटले असतील, पण कपाळाला कधी आठी नाही. प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे एक वचन तयार असे.

"यांचा संशय येतो का तुला?" त्यांनी तिला विचारलं.

"नाही."

"मग कडी का काढलीस?"

तिनं तोंड उघडलं, पण नवराच बोलला. "विचारलं की तोंडाला कुलूप. काय कमी आहे हिला, तुम्हीच सांगा."

तिथंच तर घोडं अडलं होतं. कमी काहीच नव्हतं. मारझोड नाही, दारू नाही. दाखवण्यासारखं एखादं दुःख असतं तर तिनं केव्हाच पुढे ठेवलं असतं. ती पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"एकमेकांवर विश्वास ठेवा," पाळकसाहेब म्हणाले, "आणि कडी आजच बसवून टाका."

नवऱ्यानं समाधानानं खिसा चाचपला.

"चला, प्रार्थना करू या. आज तुम्हीही करा. आधी हे, मग तू, शेवटी मी."

तिघांनी डोळे मिटले. नवऱ्यानं कामधंद्यासाठी देवाचे आभार मानले आणि बायकोसाठी सुबुद्धी मागितली. मग तिची पाळी आली. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं, आणि प्रार्थनेत कुणी कुणाला मध्येच तोडत नाही.

"देवा," ती म्हणाली, "कडी मी माझ्यासाठीच काढली. आत गेले की बाहेर यावंसं वाटत नाही. कडी लागली तर मी येणारच नाही. का, ते मला कळत नाही. हे आजच बसवतील. नको बसवू देऊस. मला माझीच फार भीती वाटते."

आमेन तिनं म्हटलं नाही. कुणीच म्हटलं नाही.

तिनं डोळे उघडले. पाळकसाहेबांनी चष्मा चाचपून पुन्हा लावला होता. खुर्ची तिच्याकडे ओढत त्यांनी विचारलं, "जीव द्यावासा वाटतो?"

"रोज."

"बरं झालं सांगितलंस. आज तुला एकटीला सोडायचं नाही. आपण तिघं डॉक्टरांकडे जाऊ. पण आधी तू बोल, मी ऐकतो."

नवऱ्यानं खिशातून हात बाहेर काढला. येताना दुकानातून घेतलेली नवी कडी, स्क्रूच्या पुडीसकट, त्यानं टेबलावर ठेवली आणि बोटानं हळूच पाळकसाहेबांकडे सरकवली.