लाल अक्षराच्या दिवशी गळलेला गुडघा

मी एक गुडघा बोलतोय. हाडामांसाचा नव्हे, ओतीव लोखंडाचा. पाण्याच्या नळीला जिथे वळायचं असतं तिथे मला बसवतात. तुमच्याकडे मला कोपर म्हणत असतील. इथे सर्बियातल्या बानात प्रांतात सगळे गुडघा म्हणतात. मी गळतोय असं कुणी म्हटलं की घरातली म्हातारी माणसं आधी आपलेच गुडघे चाचपतात.

जन्म भट्टीतला, बालपण दुकानातल्या खोक्यात. तिथून इथला घरधनी स्वेतोझार मला घरी घेऊन आला. त्याच्या स्वयंपाकघरात लाकडांची मोठी चूल आहे. तिच्या पोटात पाणी तापतं आणि नळ्यांमधून घरभर फिरून येतं. बैठकीच्या खोलीत तोटी आणि रेडिएटर यांच्या मधे मी. हिवाळ्यात माझ्यावर मोजे वाळतात, मांजर पाठ घासतं. उन्हाळ्यात कुणी ओळखही देत नाही. माणसांची ही रीत मी मनाला लावून घेत नाही.

यंदा या घरात सून आली. शेजारच्या स्लोव्हाक गावातली, युडिता नावाची. त्यांचं चर्च वेगळं, कॅलेंडरही वेगळं; संतांचे सण त्यांच्याकडे तेरा दिवस आधी येतात. बोलणं कमी, बघणं जास्त. सासू देसांका मनाने वाईट नाही, पण तिच्याकडे एक टोमणा कायम तयार असायचा. "तुमच्याकडे संत निकोला आमच्या आधीच येऊन जातो. एवढी घाई कसली गं तुम्हाला?" युडिता हसायची आणि बटाटे सोलत राहायची.

इथे प्रत्येक घराण्याचा एक संत असतो; या घराण्याचा संतही निकोलाच. त्याच्या दिवशी पाहुण्यांना बोलवायचं नसतं, ते येतातच. म्हणून आदल्या आठवड्यात घर रंगवायला काढलं. मुलगा नेबोयशाने रेडिएटर काढला, मागची भिंत रंगवली आणि मला पुन्हा आवळून बसवलं. आवळताना मी जरा पुढे गेलो.

"वाकडा दिसतोय," देसांका दारातून म्हणाली. "पाहुणे काय म्हणतील?"

त्याने मला केसभर मागे फिरवलं. झालं. गळू नये म्हणून माझ्या आट्यांवर गुंडाळलेला ताग पुढे आवळला तर धरतो, मागे फिरवला की सोडतो. पण मला विचारतो कोण?

सणाच्या सकाळी चूल पेटली आणि मला आधी घाम फुटला, मग धार लागली. स्वेतोझारने रेडिएटरच्या दोन्ही तोट्या बंद केल्या. गळणं थांबलं, खोली मात्र गारठली. मेणबत्ती, सणाचा पाव, गोड गहू, सगळं मेजावर मांडलेलं. आणि तोंडातून वाफा. सुनेचा या घरातला हा पहिला सण. पाहुणे कोट घालून जेवले असते, तर गाव म्हणालं असतं, सून आली आणि घर थंड पडलं.

"पान्हा कुठेय?" नेबोयशाने विचारलं.

"हात तर लावून बघ," देसांका म्हणाली. "आज कॅलेंडरात लाल अक्षराचा दिवस, काम वर्ज्य. आज सुई धरायची नसते, तू पान्हा धरतोस?"

तेवढ्यात शेजारचा रादिवोय आलाच. टोपी न काढता म्हणाला, "वहिनी, मासा गरम आहे ना? मग भागलं."

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे चिंधी बांधा, कुणी म्हणे मेण लावा. हात कुणीच लावेना.

"आई," युडिता म्हणाली, "माझ्या कॅलेंडरात आज काळं अक्षर आहे."

"म्हणजे?"

"आमच्याकडे आज नुसता गुरुवार. आमचा निकोला येऊन गेला ना."

रादिवोय खो खो हसला. "बघा वहिनी, घाई कसली होती ते."

देसांकाने नुसता ड्रॉवर उघडला आणि पाठ फिरवली. आत पान्हा होता.

युडिताने माहेरी बापाच्या हाताखाली असल्या नळ्या धरलेल्या. तिने माझ्याखाली घमेलं ठेवलं, मला सोडवलं, जुना ताग खरवडला.

"मी काय करू?" नेबोयशा म्हणाला.

"घमेलं धर. ते काम आहे का, ते आईंना विचार."

आट्यांच्या दिशेने नवा ताग गुंडाळला, वर मलम चोपडलं. गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच असावं. लग्न तिचं, बांधलं मला. तिने आवळलं, मी घट्ट बसलो. आणि पुन्हा जरा वाकडा.

"थोडा मागे घे," नेबोयशा म्हणाला.

"मागे नाही. रेडिएटर इकडे सरकव."

बिडाचं ते धूड तिच्याने एकटीने हलेना. पुरुष एकमेकांकडे बघत उभे राहिले. फाटक वाजलं, सणाच्या प्रार्थनेसाठी पाद्रीबाबा अंगणात आले. देसांकाने अ‍ॅप्रनला हात पुसले आणि रेडिएटरला कंबर लावली.

"ढकलणं म्हणजे काम नव्हे," ती कुणालाच उद्देशून नसल्यासारखी म्हणाली. "चल, एक... दोन..."

तो सरकला, तोंडाला तोंड मिळालं. तोट्या उघडल्या, आतली हवा फुसफुसत गेली, मागून ऊन पाणी आलं. पाद्रीबाबांनी आल्या आल्या कोट काढला.

तेव्हापासून मी कोरडा ठणठणीत आहे. रेडिएटर खिडकीखाली मधोमध नाही हे प्रत्येक पाहुण्याला दिसतं. कुणी बोललंच, तर देसांका म्हणते, "सुनेने बसवलाय. गळतोय का? मग खा मुकाट्याने."

तुमच्याही घरी एखादा जरा तिरका बसलेला असेल. माझं एवढंच मागणं: सरळ दिसावा म्हणून त्याला मागे फिरवू नका. थोडं तुम्हीच सरका.