हद्दीपलीकडचे गाऱ्हाणे

तळेऱ्याहून विजयदुर्गकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावी गंगाराम नावाचे वृद्ध गृहस्थ एकटेच राहत असत. पत्नी राधाबाई निवर्तली होती. एकुलता पुत्र गुरुदास शिष्यवृत्तीवर रशियात शिकावयास गेला, तो तिकडचीच सहधर्मचारिणी करून कीव्ह नगरात स्थिरावला होता. १९८८ सालच्या दिवाळीनंतर त्यास कन्यारत्न झाले. नातीला पाहावयास या, विमानाचे तिकीट मी काढतो, असा त्याचा निरोप आला आणि गंगारामांच्या निवांत घरात एकच प्रश्न ठाण मांडून बसला : जावे की न जावे?

कारण कीव्हपासून जवळच चेर्नोबिल होते. तेथील अणुभट्टीचा स्फोट झाल्याची वार्ता गावाने दोन वर्षांमागे रेडिओवर ऐकली होती.

देवळासमोरील बाबलीच्या दुकानात या विषयाचा बराच खल झाला. कोणी नकाशा पाहून सांगितले, की स्फोटाची जागा कीव्हपासून, इथून कोल्हापूर असावे, साधारण तितकी दूर आहे. एवढ्या अंतरावर भय कसले?

"कोल्हापूरचो गूळ हंय येता, मगे धूर येवचो नाय?" बाबली म्हणाला.

सारे हसले. गंगारामही हसले. मग बाबलीने आवाज उतरवला.

"जावा तुमी, अप्पानू. पण थंयसून इल्यार थोडे दिवस दुकानात येव नकात. माझ्या घरात पोरां आसत."

यावर कोणी त्याला गप्प केले नाही. बाबलीच्या शब्दांपेक्षा ते मौनच गंगारामांच्या जिव्हारी लागले.

शेवटी जाणत्या माणसास विचारावे म्हणून ते जामसंड्याच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. किरणांचा अपाय बहुधा वर्षानुवर्षांनी प्रकट होतो, असे त्यांनी समजावले.

"दोन महिने राहून आलात तर तुमच्या वयाला फारशी भीती नाही, अप्पा. जपायचं ते लहानग्यांना. ते विष गवतातून दुधात उतरतं."

गंगाराम आभार मानून बाहेर पडले. जो प्रश्न घेऊन ते गेले होते, त्याचे उत्तर मिळाले होते, तरी एस. टी.त बसल्यावर मनात राहिले ते दुधाविषयीचे वाक्य. आपण आपल्या दोन महिन्यांच्या मुक्कामाची एवढी चर्चा मांडली, आणि जी नात तिथेच जन्मली, तिथलेच दूध पिऊन वाढणार, तिच्याविषयी गावाने तर नाहीच, पण आपणही कोणास काही पुसले नाही, या विचाराने त्यांस स्वतःचीच लाज वाटली.

घरी न जाता ते थेट रवळनाथाच्या देवळात गेले. महादू घाडी, जो देवाच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवून गावकऱ्यांना कौल देई, तो तेथेच होता. उजवी कळी पडली की होकार, डावी पडली की नकार, अशी रीत.

"माझ्या जाण्याचो नको. नात थंय बरी रवात काय, तो कौल लाव," गंगाराम म्हणाले.

महादूने हातातील कळ्या परत तबकात ठेवल्या.

"गंगारामानू, आपल्या देवाची हद्द गावच्या व्हाळापत्तूर. परमुलखातल्या पोराचो कौल हो कसो देवचो?"

"मगे कोण देतलो?"

महादूने तबक बाजूला सारले.

"मगे मी जातंय," गंगाराम म्हणाले. "देव नाय तर नाय, आजो तरी थंय आसांदे."

निघण्याच्या दिवशी त्यांनी प्रस्थानाचे गाऱ्हाणे ठरवले. घाडी देवाला आर्जव करतो आणि जमलेले गावकरी प्रत्येक वाक्यास एका मुखाने 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्यावाचून गाऱ्हाणे पुरे होत नाही. म्हणून गंगारामांनी घरोघर जाऊन आमंत्रण दिले होते. परंतु त्या सकाळी कोणी फिरकले नाही. बाबलीच्या दुकानाच्या अर्ध्या फळ्या लावलेल्या होत्या.

महादूने वाट पाहिली, आणि मग उभा राहून सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, हो तुझो लेकरू आज तुझी हद्द सोडून दूर मुलखाक चल्लो आसा, तेची आणि तेच्या नातीची रखवाल कर रे म्हाराजा."

तो थांबला. सभामंडपात कबुतरे फडफडली. गंगारामांनी मागे वळून पाहिले, मग हात जोडले.

"व्हय म्हाराजा," ते स्वतःच म्हणाले.

महादूने पुढचे वाक्य उच्चारले, आणि गंगारामांनी आवाज थोडा वाढवला.