पैनगंगेवरची फौज

गेल्या हिवाळ्यात वरच्या गावात बाहेरच्या गुराख्यांनी उभी तूर चारली आणि अडवायला गेलेल्या शेतकऱ्याचा हात मोडला. ते वाईटच झालं. पण तेवढ्यावरून दिग्रसला पेन्शन खात बसलेल्या चारुदत्तसाहेबांना थेट देशच धोक्यात दिसू लागला. गावी येऊन त्यांनी सीमा सुरक्षा समिती काढली, आणि कोकिळेचा नवरा सदाशिव, ज्याला घरची मांजरही जुमानत नाही, तो हातात काठी घेऊन पैनगंगेच्या काठावर उभा राहू लागला. नदीला घोटाभर पाणी, पलीकडे तेलंगणा. गावातल्या निम्म्या सुना तिकडून आलेल्या, पण त्यांना अडवायची या शूरांची छाती नव्हती.

बुधवारी सकाळी पलीकडच्या तांड्यावरचा लखीराम साठ गाई घेऊन नदी उतरला. दर उन्हाळ्यात तो कोकिळेच्या रिकाम्या वावरात चार रात्री गाई बसवायचा. वावराला शेणखत मिळायचं, त्याला ज्वारी. यंदाही सदाशिवनेच फोन करून त्याला बोलावलं होतं. कोकिळा नवऱ्याची भाकर घेऊन काठावर आली, तेव्हा साहेब गरजत होते.

"कोनाले इचारून आला बे इकडे?"

"सदाभाऊनंच बलावलं ना," लखीराम हसून म्हणाला.

साहेबांनी सदाशिवकडे पाहिलं. "मी नाही वळखत याले," सदाशिव म्हणाला, आणि ते खरं वाटावं म्हणून त्याने लखीरामच्या डोक्यात काठी घातली.

दुपारी पोलीस ठाण्यातून जमादार आला. लखीराम डोक्याला दुपट्टा दाबून निंबाखाली बसला होता. साहेबांनी कागद तयारच ठेवला होता: या माणसाने कोकिळेचं उभं पीक चारलं आणि अडवणाऱ्यांवर हल्ला केला. भर उन्हाळ्यात उभं पीक! अकलेचा नुसता दुष्काळ. वावर कोकिळेच्या नावावर, म्हणून सही तिची हवी होती. सही केली तर लखीराम आत जाणार आणि नाही केली तर नवरा, हे तिला लख्ख कळत होतं.

"कर ना वं सही," सदाशिव कुजबुजला. "माही इज्जत जाईन."

तिला त्याची कीवसुद्धा आली नाही. शिसारी आली.

"साहेब, वावरात काडी नाही, हा चारन काय?" ती जमादाराला म्हणाली. "याले फोन यायनंच लावला, अन् काठी बी यायनंच मारली."

"यायनं म्हंजे कोनं? नाव सांगा."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. उखाणा सोडला तर नवऱ्याचं नाव तिने कधी तोंडातून काढलं नव्हतं.

"सदाशिव," ती म्हणाली. "लिहा."