चार बोटं तुरपाई

माझ्या कादंबरीच्या मागच्या कव्हरवर, माझ्या फोटोखाली, ठळक अक्षरांत एक विनंती छापलेली आहे : 'शेवट कुणालाही सांगू नका.' कल्पना प्रकाशकाची. मला ती तेव्हा पोरकट वाटली होती. पण वाचक गुणी निघाले. सतरा आवृत्त्या खपल्या, तरी खुनी कोण हे कुणी कुणाला सांगितलं नाही. म्हणून तर माझ्या सख्ख्या बहिणीला, जिच्या दुकानात दिवसाला वीस बायका येतात, चार वर्षं पत्ता लागला नाही की खुनी ती आहे.

ताई कपडे शिवते. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून माझ्या शाळेच्या डब्यापासून बाबांच्या पथ्यापर्यंत सगळं तिच्या गळ्यात पडलं, आणि तिचं लग्नबिग्न राहूनच गेलं. वाचायचा तिला मनस्वी कंटाळा. "दिवसभर सुईत डोळे घालायचे, आणि वर पुस्तकात?" असं म्हणायची. माझी कादंबरी मात्र तिने दोऱ्यांच्या कपाटावर समोर दिसेल अशी उभी केली होती, प्लास्टिकच्या पिशवीसकट. एखादी बाई म्हणाली, "यात कपडे शिवणारी आहे हो एक," तर ताई म्हणायची, "असणारच! माझ्या भावाने लहानपणी दुसरं बघितलंय काय?"

आता खरं काय घडलं ते सांगतो. सांगायला उशीर झालाय, ते कळतंय मला.

बाबा गेले तेव्हा मी नोकरीच्या गावी होतो. त्यानंतर महिन्याभराने, एका दुपारी, दुकानाचं दार लोटून ताई माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "तुलाच सांगते. कुणापाशी बोलू नकोस." बाबा गेले त्या दिवशी ती बाहेरच्या खोलीत एका स्कर्टची तुरपाई करत होती. गिऱ्हाईक चारला येणार होतं. आतून बाबांनी हाक मारली. बाबा दिवसातून छत्तीस वेळा हाक मारायचे. उशी सरकली, पंखा वाढव, पंखा कमी कर. ताईने बसल्या जागेवरून सांगितलं, "चार बोटं राहिलीये, एवढी संपवते नि येते." संपवली. गाठ मारली. कात्री मांडीवर असताना दोरा दाताने तोडला, ती नेहमी तोडते तसाच. आत गेली, तर बाबा गेलेले होते आणि औषधाची बाटली जमिनीवर पडलेली होती.

"लगेच उठले असते तर रे?" ती विचारत होती.

मी म्हणालो, "काही फरक पडला नसता. डॉक्टरच म्हणाले मला." डॉक्टर मला काहीच म्हणाले नव्हते. ती रडली, मी चहा केला, तिच्या पाठीवरून हात फिरवला. आणि तो हात फिरवत असतानाच माझ्या डोक्यात कुणीतरी म्हणालं, 'चार बोटं! काय छान आहे हे.' या गोष्टीतली सगळ्यात लाजिरवाणी जागा ही. पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं.

माझ्या आधीच्या दोन कादंबऱ्या सपशेल पडल्या होत्या. तिसरीत मी एक म्हातारा घेतला, त्याचं औषध त्याच्या हाताला लागणार नाही असं ठेवणारी मुलगी घेतली, आणि तिला खिडकीशी तुरपाई करत बसवलं. 'हाक ऐकली तशी धावले,' असं ती पोलिसांना सांगते. शेवटी तपास करणारा माणूस स्कर्ट उलटा करतो. तुरपाई पूर्ण झालेली. टाके शेवटपर्यंत एकसारखे, एकही हललेला नाही, आणि दोरा सावकाश दाताने तोडलेला. म्हणजे बाईने हाक ऐकली, आणि शिवण संपवूनच उठली.

संपादकांना शेवट फार आवडला. फक्त एक गोष्ट खटकली. "हाक एकच? एका हाकेला उशीर कुणाचाही होतो हो. वाचकाला तिची दया येईल. तीन करा." मी तीन केल्या. पेन्सिलीने, त्यांच्याच टेबलावर, दोन मिनिटांत.

बायकोने हस्तलिखित वाचून विचारलं, "ताईंना विचारलंस?"

"नाव बदललंय. घर बदललंय. आणि आपल्या ताईने काही खून केला नव्हता."

"तुरपाई नाही बदललीस," ती म्हणाली आणि कागद माझ्या हातात देऊन उठून गेली. पुस्तक गाजल्यावर तिने तो विषय काढला नाही, मीही मूग गिळून बसलो. लाखभर अनोळखी लोकांनी माझं गुपित पाळलं आणि मला एका बहिणीचं पाळता आलं नाही. हे सुचतं तेव्हा वाक्य म्हणूनच सुचतं, इतका मी निर्लज्ज आहे.

मग चित्रपटवाले आले. दिग्दर्शक खऱ्याचा भोक्ता. नटीचे हात खरेच शिवणारीचे दिसले पाहिजेत, दुसरीचे हात जोडून चालणार नाहीत, असं तो बैठकीत तावातावाने सांगत होता. माझ्या जिभेला हाड नाही. लोकांवर छाप पाडायची संधी दिसली की मला राहवत नाही. बोलून गेलो, "माझी बहीणच शिवते."

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन. "अरे छोट्या, मला शिकवायला सांगितलंय! हिरॉईनला! माझ्या दुकानात येणार ती!"

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "वा!"

तीन आठवडे ती नटी ताईच्या दुकानात स्टुलावर बसून शिकली. टाचण्या ओठांत कशा धरायच्या, कापड गुडघ्यावर कसं ताणायचं, दोरा दाताने कसा तोडायचा. कथेबद्दल चकार शब्द काढायचा नाही असं तिच्या करारात होतं, आणि ताईनेच तिला बजावलं होतं, "मला काही सांगू नकोस हं. मला पिक्चरमध्येच बघायचंय." मी एकदा डोकावलो, तर ताईने तिच्या हातचा एक तुकडा माझ्यापुढे धरला. "पोरगी गुणी आहे. टाके बघ. माझेच वाटतात की नाही?" वाटत होते.

खास खेळाची तारीख ठरली तसा मी पळवाटा शोधायला लागलो. पास मोजकेच आहेत म्हटलं, तर ताई म्हणाली, "मी पायरीवर बसेन." शेवटी आठवडाभर आधी मनाचा हिय्या करून दुकानात गेलो. तिने मला बोलूच दिलं नाही, एक शर्ट अंगावर चढवला. त्या दिवसासाठी माझ्याकरता शिवलेला, निळा. तोंडात टाचण्या धरून ती बाही जुळवत होती.

"ताई, त्या पिक्चरमध्ये शेवटी..."

"उं, उं!" तिने हात वर केला, टाचण्या काढल्या आणि मला दटावलं, "शेवट सांगायचा नाही! मागे छापलंयस ना तूच?"

मी हसलो. खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं मला.

खेळ सकाळी अकराला होता. एका बाजूला बायको, दुसरीकडे ताई. मध्यंतरापर्यंत ताई मला कोपराने ढोसत होती. "हे माझं! ही टाचणी धरायची पद्धत माझी!" पुढच्या रांगेतला एक जण वळून बघायला लागला, तर त्यालाही सांगितलं तिने, "मी शिकवलंय."

मग तपास करणाऱ्याने स्कर्ट उलटा केला. पडद्यावर खिडकी आली, नटी आली, गुडघ्यावर ताणलेलं कापड आलं. आतून म्हाताऱ्याची हाक. नटी मान वर न करता म्हणाली, "चार बोटं राहिलीये. एवढी संपवते नि येते."

ताईचं कोपर माझ्या कोपरापासून निघून गेलं.

दुसरी हाक. सुई चाललेलीच. तिसरी हाक अगदी खोल गेलेली. नटीने गाठ मारली, वाकली, दोरा दाताने तोडला. हुबेहूब ताईसारखाच. मागून एक बाई म्हणाली, "सैतान आहे मेली!" आणि टाळ्या पडल्या. मी ताईकडे बघितलं नाही. माझ्या शर्टाची खालची कड मुठीत घट्ट धरून बसलो. ती तिने हाताने तुरपली होती, मशीनवर नाही.

दिवे लागले. दिग्दर्शक लगबगीने आला, ताईचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "हे हात! आमचा शेवट या हातांनी तारला!" ताई उभी राहिली. "पोरगी चांगली शिकली," एवढंच म्हणाली आणि माणसांतून वाट काढत निघाली. बायकोने मला पुढे ढकललं. मेल्याहून मेल्यासारखा मी मागे गेलो.

जिन्याच्या वळणावर ती कठड्याला धरून थांबली होती. लोक खाली उतरत होते, हसत होते, बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांना शेवट सांगायचा नाही असं एकमेकांना बजावत होते.

"ताई, ती नुसती गोष्ट आहे. मी... माझं चुकलं. मी तुला विचारायला..."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने बघेल, थोबाडीत मारेल, काहीही चाललं असतं मला. पण पोलिसांसमोर उभं केल्यासारखी, गयावया करत, ती मलाच पटवून द्यायला लागली.

"तीनदा नाही रे," ती म्हणाली. "तुला सांगितलं होतं मी. एकदाच मारली होती हाक बाबांनी. दोनदा मारली असती ना, तर उठले असते मी."