फेरीबोटीवरची धाड

खाडीच्या तोंडाशी समुद्रगवताचा पट्टा आहे. मासे तिथे अंडी घालतात, पिल्लं तिथेच वाढतात, म्हणून तिथे मासेमारीला बंदी. बंदी असल्यामुळे तिथे अर्थातच गर्दी असे.

मत्स्यखात्याच्या गस्ती बोटीने धक्का सोडण्यापूर्वी भोंगा वाजवावा, असा नियम होता. भोंगा वाजला की चोर जाळी गुंडाळून सभ्य चेहऱ्याने क्षितिज पाहत बसत. वर्षभरात एकही सापडला नाही. वरिष्ठांनी निष्कर्ष काढला: चोरीच होत नाही, तर बंदी कशाला? सोमवारपासून ती उठणार होती.

शनिवारी सकाळी निरीक्षकबाई साध्या साडीत प्रवाशांच्या फेरीबोटीत बसल्या. शेजारी सासूबाई; त्या खाडीपलीकडच्या लेकीकडे निघाल्या होत्या.

"रजा काढलीस का गं?"

"कामावरच आहे, आई."

"खिडकीत बसून? बरं खातं आहे!"

पट्ट्यावर एक ट्रॉलर जाळं ओढत होता. फेरीबोट दिसताच तो पळाला नाही, उलट जवळ आला. फेरीबोट म्हणजे गिऱ्हाईक! रोजच्या रिवाजाप्रमाणे दोरीला बांधलेली टोपली वर आली.

"ताजी पिल्लं! घ्या मावशी, घ्या ताई!"

निरीक्षक ताईंनी एका हाताने टोपली धरली, दुसऱ्याने ओळखपत्र दाखवलं. खाली ट्रॉलरचा मालक, म्हणजे त्यांचा सख्खा दीर, आ वासून उभा.

"वहिनी! अहो, भोंगा कुठे वाजला?"

"जाळं जागच्या जागी वर घ्या, भावजी."

भावजींनी इंजिन वाढवलं. पाण्यातलं वजनदार जाळं तसंच वेगात ओढलं गेलं असतं, तर अख्खा पट्टा मुळासकट उपटला गेला असता! बाई ओरडण्याआधीच सुकाणूवरच्या सारंगाने फेरीबोट ट्रॉलरच्या समोर आडवी घातली. सगळे प्रवासी एकाच कठड्याला धावले आणि बोट कलंडायला लागली.

"अर्धे तरी तिकडे व्हा हो!" सारंग किंचाळला.

"मग दिसणार काय?" एका कारकुनाने विचारलं.

एवढ्यात सासूबाई कठड्यावरून वाकल्या. "मेल्या, इंजिन बंद कर! का मी उतरू खाली?"

सरकारला कधी न भ्यालेला माणूस गपकन थांबला.

जाळं हातांनी, इंच इंच वर आलं. त्यात चंदेरी पिल्लांचा नुसता सळसळाट! मग कोणी सांगायची वाटच पाहिली नाही. डबे रिकामे झाले, पोळ्या रुमालात गेल्या, आणि डब्याडब्याने पिल्लं पाण्यात परत जाऊ लागली. कारकून तर कचेरी विसरून "अजून द्या, अजून द्या!" करत होता. खाली गवत हिरवंगार डुलत होतं.

तेवढ्यात बातमी खात्यात पोचली आणि वरिष्ठांचा फोन आला.

"अहो, तुमच्याकडे चोरी सुरू झाली म्हणे?"

"हो, साहेब!" बाईंना आवाजातला आनंद लपवता येईना.

"अरेरे. मग बंदी ठेवावी लागणार."

"बंदी राहिली!" बाईंनी हात वर केला, सगळे त्यांच्या कठड्याकडे धावले आणि बोट पुन्हा एकदा आनंदाने कलंडली.